एका गुंठ्याचं भुयार

सांगाड्यांना नोटीस देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. गल्ली त्यांना आबा म्हणायची, मीही आबाच म्हणत आले, आणि इथंही तेवढंच लिहिणार आहे. पूर्ण नाव लिहिलं तर ते चष्मा लावून वाचतील, त्यात काहीतरी चूक काढतील आणि मला दुरुस्तीचा अर्ज करायला लावतील.

शहाद्याला एका रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली तेव्हा मी त्यांची माडीवरची खोली भाड्याने घेतली. माझं गाव अक्कलकुव्याच्या पुढे, डोंगरात. घरी आमची बोली वेगळी, मराठी शाळेत शिकलेली, आणि शहाद्याला येऊन पाहते तो इथं तिसरीच, अहिराणी चाललेली. पहिल्या दिवशी आबा माझ्या ट्रंकेकडे न बघता खोलीकडे बघत म्हणाले, "खोली दहा बाय अकरा शे. कागदवर दहा बाय बारा लिखेल व्हतं, ते चुकीनं शे. मी सोता मोजेल शे." स्वतःची खोली स्वतःच एका फुटाने कमी करून सांगणारा घरमालक मला पटायला वेळ लागला नाही.

पस्तीस वर्षं त्यांनी मोजणी खात्यात काढली होती. तापीकाठची केळी, ऊस, कापूस यांच्याखाली जेवढी जमीन आहे त्यातली निम्मीशिम्मी त्यांच्या साखळीखालून गेली असेल. निवृत्त झाले, पण मोजायचे थांबले नाहीत. घर ते एसटी स्टँड सहाशे बारा पावलं, घर ते पिठाची गिरणी एकशे नव्वद. त्यांची बायको, म्हणजे आमच्या आक्का, चुलीपुढून ओरडून सांगायच्या, "लगीनमा बी यासनी आधी मांडव मोजा. मंग मन्हाकडे दखं."

त्यांच्या म्हणी त्यांनीच पाडलेल्या होत्या. "जमीन खोटं बोलस नही. बोलस तो मोजणारा," ही एक. दुसरी, "ज्याना चहा पिधा, त्याना बांध सरकना." म्हणून मोजणीला जाताना ते थर्मासमध्ये घरचा चहा न्यायचे आणि शेताच्या मधोमध, कोणाच्याच बाजूला न बसता, उन्हात प्यायचे. सारंगखेड्याकडच्या दोन भावांची गोष्ट ते वरचेवर सांगत. बांधावरून दोघं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आबांनी मोजणीच्या दिवशी आपल्या माणसांना बाजूला बसवलं आणि साखळीचं एक टोक थोरल्याच्या हातात दिलं, दुसरं धाकट्याच्या. साखळीचे सोळा भाग असतात, त्यांना आणे म्हणतात; साखळी ताणली की पुढच्याने आकडा ओरडायचा आणि मागच्याने तो ओरडून परत सांगायचा, हा मोजणीचा नियमच आहे. तर ते दोघं दिवसभर एकमेकांना "सात आणे", "सात आणे" असं ओरडत राहिले. संध्याकाळी भांडलेच, पण बोलून भांडले.

आता भुयाराकडे येते. माझ्या भावाने कॉलेजात असताना माझ्या लॅपटॉपवर एक जुना खेळ टाकून दिला होता. एक तलवारवाला, एक जादूगारीण, एक वैद्य आणि एक कुलपं उघडणारा चोर, अशा चौघांना घेऊन आपण दगडी भुयारात उतरायचं. पडद्यावर समोरची वाट दिसते, दोन्ही बाजूंच्या भिंती दिसतात. एक बटण दाबलं की चौघं एक पाऊल पुढे जातात, दुसरं दाबलं की काटकोनात वळतात. भुयाराखाली भुयार असे दहा मजले. प्रत्येक मजल्यावर खाली जायचा जिना शोधायचा, आणि तोवर जे अंगावर येईल त्याच्याशी लढायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या रक्तात डोकं घालून बसलं की संध्याकाळी मला हे बरं वाटायचं. फक्त एक अडचण होती. खेळ इतका जुना की त्यात नकाशा नव्हता. वाट आपली आपण लक्षात ठेवायची, आणि मी तिसऱ्या मजल्यावर तीन आठवडे हरवलेली होते.

एका रविवारी आबा पाण्याची टाकी बघायला वर आले आणि माझ्या मागे उभे राहिले.

"हाई काय शे?"

"खेळ आहे, आबा. भुयार आहे. जिना सापडत नाहीये."

"नकाशा कोठे शे?"

"यात नकाशा नसतोच."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. "नकाशा नही, नि तू चार मानसं लिसन उतरनी?"

टाकी राहिली. ते खाली गेले आणि फलक घेऊन वर आले. फलक म्हणजे तिपाईवरची चौकोनी लाकडी पाटी, शेतात उभी करून तिच्यावर नकाशा काढतात. त्यावर चौकटीचा कागद चिकटवला, पेन्सिलीला टोक केलं आणि मला जिन्यापाशी परत जायला लावलं. माप ठरलं. एक पाऊल म्हणजे एक आणा, आणि सोळा आण्यांची एक साखळी. मी बटणं दाबत होते, ते पावलं मोजत होते. त्या दिवशी उन्हं उतरेपर्यंत कळलं की मजला सोळा पावलं लांब आहे आणि सोळा पावलं रुंद. आबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे बरोबर एक गुंठा.

"जेनी हाई भुयार बनाडं," ते म्हणाले, "तो मोजणीवालाच व्हता."

त्या दिवसापासून आमचं भुयार सरकारी झालं. बंद दार आलं की मला थेट उघडता येईना. दारापलीकडे जो कोणी असेल तो लगतधारक, आणि लगतधारकाला कळवल्याशिवाय मोजणी करता येत नाही. आबा एरवी अहिराणी बोलायचे, पण कामाचं बोलताना कचेरीची मराठी आपोआप तोंडात यायची. ते लॅपटॉपसमोर ताठ बसून म्हणायचे, "लगतधारकांस कळविण्यात येते की, सदर मिळकतीची मोजणी आज रोजी होत असून आपण समक्ष हजर राहावे." मग मान हलवायचे, मी दार उघडायची, आणि सहा सांगाडे तलवारी घेऊन समक्ष हजर असायचे. लढाईत ते लक्ष घालत नसत. ती संपली की वहीत लिहीत, "लगतधारक हजर. मोजणीस हरकत घेतली. हरकत निकाली." ही वही मी वाचलेली आहे. एका आठ पायांच्या कोळ्याच्या नावापुढे "सही करण्यास नकार" असंही आहे.

मी हसायचे, पण तिसरा मजला याच कचेरीने सोडवला. कागद भरत आला तेव्हा आबांनी घरं मोजली. सोळा गुणिले सोळा, दोनशे छप्पन घरं हवीत. दोनशे बावन्न निघाली. मी म्हटलं, राहू द्या, चार घरांनी काय होतं. ते म्हणाले, चार घरांवरून खून होतात. मला त्या कोपऱ्यातल्या एकेका भिंतीला टेकून बघायला लावलं, आणि एक भिंत खरंच सरकली. आत पेटी, पेटीत जादूची अंगठी, मागे जिना. मी आनंदाने उठून उभी राहिले. आबा चार घरं कागदावर काढत होते.

"अंगठी तू ठेव," म्हणाले. "माले मन्हा चार घर मिळनात."

असं आमचं चाललं होतं. संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी आबा अंगणात दाढी करता करता खुर्चीवरून डाव्या अंगावर कलंडले. नंदुरबारला नेलं. तीन आठवड्यांनी परत आले तेव्हा हात-पाय पुष्कळ सुधारले होते, बोलणं स्वच्छ होतं, पण आमचे अर्धेच आबा घरी आले आहेत हे पहिल्या जेवणाला कळलं.

आक्कांनी ताट वाढलं. भाकरी, उजवीकडे वांग्याची भाजी, आणि आपल्याकडे वाढतात तसा डाव्या बाजूला ठेचा. आबांना ठेच्याशिवाय घास उतरायचा नाही. त्यांनी उजवीकडची भाजी संपवली, भाकरीचा उजवा अर्धा भाग खाल्ला आणि चिडून म्हणाले, "ठेचा कोठे शे? आजारी पडनू म्हनीसन ठेचा बी बंद करा का?"

"ताटमाच शे ना," आक्का म्हणाल्या आणि बोट दाखवलं. त्यांना दिसेना. आक्कांनी ठेचा उचलून उजवीकडे ठेवला, तर म्हणाले, "आते वाढा नि माले खोटं पाडस." आक्का उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ भांडी लावत राहिल्या. लावायला भांडी नव्हती.

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं. डोळे उत्तम आहेत. पण मेंदू डाव्या बाजूची दखल घेत नाही. त्यांना डावीकडे अंधार दिसतो असं नाही, त्यांच्या लेखी डावी बाजूच नाही. आणि हे त्यांचं त्यांना कळत नाही, तीच खरी अडचण. ज्या दिवशी कळेल त्या दिवसापासून शिकता येईल. तोवर रस्त्यावर एकटं सोडायचं नाही. आबा अर्धी दाढी करून बाहेर येत आणि उरलेल्या अर्ध्या दाढीबद्दल कोणी बोललं की त्यालाच चष्म्याचा नंबर तपासायला सांगत.

त्यांची एकुलती एक लेक सुरतेला असते. तडफदार बाई, बापावर जीव. तिने स्पष्टच सांगून ठेवलं, "मी आखाजीले येसू. तवलोंग आबा एकला रस्तावर जावाले लागना तं ठीक. नहीतं दोन्हीसले सुरतले लई जासू." आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात. या वेळी लेक माहेर उचलून न्यायला येणार होती. तिचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण तिचं घर सहाव्या मजल्यावर, आणि आबांना ते ऐकूनच घाम फुटायचा. "जठे सातबाराच नही, ते कसानं घर?" असं म्हणत. आक्का चाळीस वर्षांची गल्ली, शेजारणी, अंगणातली तुळस, सगळ्यांकडे नव्याने बघत फिरत.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी आबांनी वर हाक मारली, "चौथा मजला बाकी शे ना?"

मला बरं वाटलं. लॅपटॉप घेऊन खाली गेले. फलक मांडला, कागद लावला. "पुढे. पुढे. पुढे. उजवी," ते सांगू लागले. "पुढे. उजवी. पुढे, पुढे. उजवी." मी बटणं दाबत होते. थोड्याच वेळात आम्ही जिथून निघालो तिथंच आलो. पुन्हा निघालो, पुन्हा तिथंच. घाण्याच्या बैलासारखे आम्ही चौघांना घेऊन गोल फिरत होतो, आणि प्रत्येक फेरीत डावीकडे एक लाकडी दार येऊन मागे जात होतं. आबांच्या कागदावर उजव्या अर्ध्या भागात रेघांची दाटी झाली होती. डावा अर्धा भाग कोरा.

"आबा, डावीकडे दार आहे."

"कोठे?"

मी पडद्यावर बोट ठेवलं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, क्षणभरच, आणि नजर घसरून परत उजवीकडे आली. "तठे काहीच नही. हाऊ खेळ बिघडेल शे."

मी दिवसभर लॅबमध्ये उभी होते, तीन रिपोर्ट पुन्हा करावे लागले होते, पण ही सबब नाही. मी म्हणाले, "खेळ नाही बिघडला आबा, तुम्ही बिघडलात."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. फलकाची तिपाई मिटायला गेले तर डावा पाय मिटायचा राहिला आणि तो खडखड घसटत राहिला. ते तसंच ओढत आत गेले. चार दिवस आमच्यात एक शब्द नव्हता. मी जिन्यावरून उतरताना चपला हातात घेऊन उतरत होते, इतकी मला माझी शरम वाटत होती.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आक्का मला बोलवायला आल्या. आबा अंगणात बसले होते, मांडीवर तोच कागद, कडेला बेरजा.

"एकशे चार," ते म्हणाले. "चार खेपा मोजं. एकशे चारच. दोनशे छप्पनमातून एकशे चार गयात, एकशे बावन्न ऱ्हायनात. चार घर चुकनात तं मी समजू. एकशे बावन्न घर कोन्ही चोरी लई जास का?"

ते कागदाकडे बघत होते, उजव्या भागाकडेच.

"पस्तीस वरीस मी लोकेसले सांगं, जमीन खोटं बोलस नही. मंग हाई काय शे?" आणि मग आवाज उतरला. "तू सांगं व्हतं, ते खरं शे का?"

"खरं आहे आबा. पण मी सांगितलं ते वाईट तऱ्हेने सांगितलं. माझं चुकलं."

"ते ऱ्हाऊ दे." त्यांनी उजव्या हाताने डावा हात धरून मांडीवर घेतला, हरवलेली वस्तू उचलावी तसा. "माले भेव वाटी ऱ्हायनं, बेटा."

त्या माणसाच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. आक्का दारात उभ्या होत्या, त्याही पहिल्यांदाच ऐकत असाव्यात. पण आबा फार वेळ भ्यायले नाहीत. त्यांच्यातला कर्मचारी जागा झाला, आणि ते कचेरीच्या मराठीत म्हणाले, "क्षेत्र जुळत नाही. सबब फेरमोजणी करण्यात यावी."

फेरमोजणीचा नियम असा की पहिल्या वेळी ज्या हद्दीवरून सुरुवात केली त्या हद्दीवरून पुन्हा करायची नाही. पलीकडच्या हद्दीवरून, उलट यायचं. आबांनी भुयारात तोच नियम लावला. प्रत्येक बोळ शेवटपर्यंत जायचा, तिथं दोनदा उजवीकडे वळायचं, म्हणजे तोंड मागे होतं, आणि आलो त्याच वाटेने परत यायचं. मी जशी सांगतील तशी बटणं दाबत होते. पहिला बोळ, गेलो, आलो, काही नाही. दुसरा बोळ, तसंच. तिसऱ्या बोळात टोकाला जाऊन वळलो, चार पावलं परत आलो, आणि ते लाकडी दार या वेळी उजव्या हाताला उभं होतं.

आबा पुढे वाकले. "हाई दार कवय बनं?"

दार कधी झालं, ते मी सांगायला गेले नाही. या वेळी तेवढी अक्कल मला आली होती.

ते दाराकडे बघत राहिले. कागदावरच्या कोऱ्या जागेकडे त्यांनी हात नेला, थांबले, आणखी थोडा डावीकडे नेला. "नही," ते हळूच म्हणाले. "ते व्हतंच." मग घसा साफ केला, ताठ बसले आणि लगतधारकांना कळवलं. पलीकडे नऊ कोळी होते. मी इतक्या जोमाने कोळी कधी मारले नाहीत, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं तरी.

चौथा मजला होळीपर्यंत पुरला. रोज संध्याकाळी तासभर, जाऊन येऊन, जाऊन येऊन. कागदाची डावी बाजू घर घर करून भरत गेली, आणि जिना तिकडेच सापडला. पण मला आठवतो तो जिना नाही. मला आठवतं ते एक दुपारचं जेवण. अर्धं ताट संपवून आबा थांबले, ताटाकडे संशयाने पाहिलं, काठी टेकून उठले, आणि ताट तिथंच ठेवून त्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसले. अर्धी भाकरी समोर, ठेचा उजव्या हाताला.

"जेवता जेवता कोठे चालनात?" आक्कांनी विचारलं.

"फेरमोजणी," आबा म्हणाले आणि ठेचा बोटावर घेतला. आक्का पुष्कळ दिवस शेजारणींना सांगत होत्या की आमचे हे जेवताना गाव बदलतात.

ताटाभोवती फिरता येतं. भुयारात मागे वळता येतं. ट्रकपुढे वळता येत नाही, हे आबांनाही कळत होतं. रस्त्यासाठी त्यांनी वेगळी युक्ती काढली. कागदावर आता ते सगळ्यात आधी डाव्या कडेला लाल रेघ मारत आणि ती रेघ डोळ्यांना सापडल्याशिवाय पहिलं घर काढत नसत. माळ्यावरून त्यांनी मोजणीची काठी उतरवली, पुरुषभर उंच, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, लांबून दिसावी म्हणून शेताच्या हद्दीवर रोवतात ती. ती डाव्या हातात धरायची. दर दहा पावलांनी थांबायचं, लाल रंग सापडेपर्यंत मान वळवायची, आणि मग लाल रंगाच्याही पलीकडे बघायचं.

पहिल्या दिवशी मी बरोबर असतानाही ते डावीकडून येणाऱ्या केळीच्या गाडीवर आदळले. चार फण्या रस्त्यावर पडल्या. गाडीवाला ओरडणार होता, पण काठी बघून गप्प झाला. तेव्हा आमच्या लक्षात आलं की या काठीचं दुसरंही काम आहे. शहाद्याच्या बाजारात मोजणीची काठी घेऊन निवृत्त मोजणीवाला फिरतोय म्हटल्यावर तासाभरात बातमी पसरली. ज्यांनी पुढे पुढे सरकत रस्त्यावर माल मांडला होता, ते आबा दिसले की पेट्या आत ओढू लागले. कापडाच्या दुकानातले मारवाडी शेठ हात जोडून बाहेर आले. "साहेब, आमाले नोटीस नही उनी."

"अजून नही," आबा म्हणाले आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवशी शेठांची फळी दोन फूट मागे होती, आणि आबांना चालायला आयता रस्ता मोकळा मिळाला.

आखाजीच्या दोन दिवस आधी लेक आली. झोके बांधले गेले, पोरींची गाणी सुरू झाली, आक्कांनी खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या. लेकीने बापाला काठी घेऊन अंगणात फिरताना पाहिलं, ताटाभोवती फिरतानाही पाहिलं. सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "आबा, स्टँडवरथून जाई या. एकला. मी मांगे येवाव नही."

ते निघाले. ते वळणावर गेले तशी ती चप्पल घालून मागे निघाली आणि मलाही ओढलं. आम्ही दोघी वीस-पंचवीस पावलं मागे. आबा दहा पावलं चालत, थांबत, लाल शोधत, पलीकडे बघत. एका ठिकाणी वासरू डावीकडून आडवं आलं, ते दोन पावलं आधी थांबले. रस्ता ओलांडताना मी लेकीचा हात धरला होता की तिने माझा, ते सांगता येणार नाही. त्यांनी ओलांडला. स्टँडच्या फाटकाला हात लावला, वळले, परत निघाले.

तेव्हा ती म्हणाली, "हाई तं रोजना रस्ता शे. पाठ व्हई जास." आणि मला कळायच्या आत ती भरभर पुढे गेली, आणि बापाच्या डाव्या बाजूला, काठीच्या पलीकडे हातभर अंतरावर, त्यांच्या पावलाला पाऊल लावून चालू लागली. एक शब्द न बोलता. मी मागे पावलं मोजू लागले, सवयच लागली होती. दहाला आबा थांबले, लाल सापडलं, नजर त्याच्या पलीकडे पोचली नाही. विसाला तेच. तिसाला एक रिक्षा उजवीकडून वाजली आणि ते तिकडे वळले. लेक समोर बघत चालत होती, आणि तिचा चेहरा मला बघवत नव्हता.

चाळिसाला आबा थांबले. मान वळवली, लाल सापडलं, आणि नजर तिथं न थांबता हळूहळू पुढे गेली, साडीच्या काठावर, हातातल्या बांगड्यांवर, वर.

"तू कवय उनी?" ते म्हणाले.

मीच मागून सांगितलं, "चाळीस पावलं झाली, आबा."

"चाळीस?" ते विचारात पडले. "भलतं शे. वीसवर आनना पडी." आणि दोघींना तिथंच सोडून, घराकडची उरलेली पावलं मोजत निघून गेले.

ती रस्त्याच्या कडेला उभी राहून पदराने डोळे पुसत होती. "आधी किती पावलं लागायची गं?" तिने मला विचारलं, माझ्याशी ती शाळेची मराठी बोलायची.

"आधी त्यांच्या लेखी तुम्ही नव्हताच त्या बाजूला," मी म्हटलं.

दुपारच्या गाडीने ती सुरतेला निघाली, एकटीच. आबा तिला पोचवायला स्टँडवर आले, काठी घेऊन, आणि फलाटाची लांबी बरोबर नाही असं कंट्रोलरला सांगत उभे राहिले. तिने खिडकीतून मला जवळ बोलावलं, पर्समधून एक नवंकोरं कुलूप काढलं, घराच्या मुख्य दाराला लावतात तेवढं मोठं, पितळी, अजून पुठ्ठ्याच्या खोक्यातच, दुकानाची चिठ्ठीसुद्धा लावलेली. सुरतेहून येतानाच ते घेऊन आली होती.

"हे तुझ्या खोलीला लाव," ती म्हणाली. "तुझी कडी ढिली आहे, मी बघितली."

गाडी सुटली. मी ते कुलूप माडीवरच्या खोलीला लावलं. खालचं दार दिवसभर उघडंच असतं.